ओवाळणीतला छर्रा

"जरा पाठ टेकते, चहा आला की हाक मार," असं निखिलेशला सांगून मी माझ्या दालनात आलेय आणि फोटो गुंडाळून आणलेल्या जुन्या चादरींवर आडवी झालेय. उशाला कॅमेऱ्याची बॅग. शेजारी पितळेचं तबक, वर रुमाल झाकलेला. झोपायचं नाही, नुसतं डोळे मिटून पडायचं, असं मी स्वतःला बजावतेय. माणूस असं बजावायला लागलं की समजावं, झोपणार आता हे.

पलीकडच्या दालनात स्पीकर तपासताहेत. तिथं गॅसच्या रिकाम्या टाक्या आणि कुकरची भांडी जोडून कुणीतरी रॉकेट उभं केलंय, आणि त्याच्यापुढं उभं राहिलं की उलटी मोजणी ऐकू येते. दहा, नऊ, आठ. सकाळपासून हेच चाललंय. शून्य झालं तरी काही उडत नाही, पुन्हा आपलं दहा. डोक्याला नुसता ताप आहे.

साताऱ्यातल्या एका बंद पडलेल्या थिएटरचं आता कलादालन झालंय, तिथं हे प्रदर्शन आहे. माणसाला चंद्राचं आणि तिथं जाण्याचं एवढं वेड का, यावर प्रत्येकानं आपापल्या परीनं काही केलंय. एकीनं चक्क गोधडीचा अंतराळवीर शिवलाय. शाळेतल्या पोरांनी चंद्रावरची घरं काढलीत, घरांपुढं तुळशीवृंदावनं. मधोमध भला मोठा कागदी चंद्र टांगलाय, आत दिवा. आणि शेवटच्या दालनात माझे फोटो.

मी फोटोग्राफर. पोवई नाक्याजवळ स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी, जे येईल ते. पण गेली काही वर्षं भाऊबीजेच्या संध्याकाळी मी स्टुडिओ बंद ठेवून गावोगाव फिरायचे, भाऊ नसलेल्या बायकांचे फोटो काढायला. भाऊ नसला की बाई चंद्राला ओवाळते, हे तुम्हाला माहीतच असेल. बीजेची कोर ती, नखाएवढी. दिवस मावळल्यावर दिसते न दिसते तोच डोंगराआड जाते. त्या तेवढ्या वेळात ह्या बायका तबक घेऊन कुणी गच्चीवर, कुणी गोठ्याच्या पत्र्यावर, कुणी बांधावर उभ्या असतात आणि मान वर करून आपल्या भावाला शोधत असतात. मला ते चेहरे फार आवडायचे. मला भाऊ होता ना, म्हणून ते सगळं मला नुसतं सुंदर दिसायचं.

चैत्रात दादा गेला. आमचं गॅरेज आहे, फाळके गॅरेज, तिथंच गेला. छातीत कळ आली, हातात पाना होता, गिऱ्हाईकाला "आलोच" म्हणाला आणि खाली बसला.

आणि आज भाऊबीज आहे, आणि आजच उद्घाटन. निखिलेश पुण्याचा. हे सगळं त्यानं जुळवून आणलंय, मुलगा गुणी आहे. काल मला म्हणाला, "उज्ज्वलाताई, फीत कापण्यापेक्षा तुम्हीच गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळा ना. याहून खरं उद्घाटन दुसरं कुठलं?" मी गडबडीत "हो" म्हणून गेले. आता वाटतं, नाही म्हणायला हवं होतं. कारण चंद्राला ओवाळलं की झालं. मग मीही त्या फोटोंतली एक. अजूनही कुणी विचारलं, किती भावंडं, तर मी बिनदिक्कत "आम्ही दोघं" म्हणते. उद्यापासून काय म्हणू?

सकाळी आईनं तबक भरून माझ्या हातात दिलं. यंदा आमच्याकडं दिवाळी नाही, फराळ नाही, आकाशकंदील नाही. पण तबक तिनं घासून लख्ख केलं होतं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजनात तुपात भिजवलेली फुलवात, बाजूला काडेपेटी. कुणासाठी भरलं ते ती बोलली नाही आणि माझं विचारायचं धाडस झालं नाही. "येतेस ना संध्याकाळी?" एवढंच मी विचारलं. "मी नाही येणार तुझ्या त्या चंद्राच्या जत्रेला," ती म्हणाली. हे फोटो काढायला लागले तेव्हाच ती एकदा म्हणाली होती, "भाऊ धडधाकट असताना असल्या बायकांच्यात काय फिरतीस? चांगलं नसतं ते." त्यानंतर पुन्हा कधी तो विषय तिनं काढला नाही. पण दादा गेल्यापासून मला ते वाक्य रोज ऐकू येतं, भांडी घासताना, गाडीला किक मारताना, कधीही.

सात, सहा, पाच. झरोक्यातून उन्हाचा पट्टा आलाय, तो माझ्या पायावरून हळूहळू भिंतीकडं चाललाय. चार. पाय आहेत की नाहीत ते कळत नाही. तीन. मी दोनची वाट बघतेय. दोन काही येत नाही. सगळं इतकं शांत होतं की माझाच श्वास मला दुसऱ्या कुणाचा वाटतो.

मग पाना फिरल्याचा आवाज येतो. कर्र, कर्र.

"हे कुणी फिट केलंय?" दादा विचारतो. "आटे गेलेत सगळे."

तो रॉकेटच्या बुडाशी उकिडवा बसलाय. तोच चौकड्यांचा शर्ट, बाह्या वर केलेल्या, हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे. तो गेलाय हे मला चांगलं माहीत आहे. आणि हे बोलून दाखवायचं नाही, हेही माहीत आहे. बोललं की तो उठून जाईल.

"दादा, ते प्रदर्शनातलं आहे. हात लावू नकोस."

"हात लावल्याशिवाय उडंल कसं?"

"ते उडणार नाहीये. नुसतं बघायचं आहे."

"मग केलं कशाला? नसता उद्योग." तो पाना खिशात घालतो. "वाजले किती? मला निघायचंय."

"कुठं निघायचंय?"

"निघायचंय," तो म्हणतो, जसं काही मलाच ठाऊक असायला हवं.

 तबक माझ्या हातात आहे, कधी उचललं कोण जाणे. "थांब," मी म्हणते. "आधी ओवाळते आणि मग कुठं जायचं तिथं जा. बस खाली."

"बस म्हणे. पाट कुठाय?"

खरंच की, पाट कुठाय? घरी देवघराशेजारी भिंतीला लावून ठेवलेला असतो. मी पडदा बाजूला करते, पलीकडं घर नाही. पलीकडं जुनं थिएटर आहे, रांगाच्या रांगा खुर्च्यांच्या, सगळ्या रिकाम्या. आम्ही लहानपणी इथं पिक्चर बघायचो. मी एक खुर्ची खाली दाबून धरते, "ह्याच्यावर बस." हात काढला की ती खट्कन मिटते. दुसरी धरते, तीही मिटते. दादा कमरेवर हात ठेवून हसतोय. लहानपणीही हा असाच, माझी तारांबळ झाली की ह्याला ऊत येतो.

"हसू नकोस, मेल्या! पूर्वेकडं तोंड करून उभा राहा. उभ्यानंच ओवाळते."

"पूर्व कुठली?"

मी बघते. चारी बाजूंना पडदा आहे, सिनेमाचा, पांढरा. चारी पडद्यांवर एकच चित्र, यवतेश्वराचा डोंगर आणि त्यावर बीजेची कोर. आणि ती सरकतेय. डोळ्यांदेखत खाली सरकतेय. मी वर बघून ओरडते, "अहो, थांबवा जरा! पिक्चर थांबवा!" वरच्या खिडकीत कुणीच नाही. यंत्र आपलं फिरतंय.

वळून बघते तर दादा नाही.

"दादा!"

मी धावत सुटते आणि माझ्याच दालनात येते. भिंतीवर माझे फोटो. त्यातल्या बायकांनी माना वर केलेल्या असतात, मीच काढलेत, मला पाठ आहेत. आता त्या मान वर करून बघत नाहीयेत. त्या माझ्याकडं बघताहेत. सगळ्यात मोठ्या फोटोत कोरेगावच्या हौसाबाई आहेत, पत्र्यावर चढून तबक धरलेल्या, ऐन सत्तरीतल्या. त्या थोड्या बाजूला सरकतात. पत्रा वाजतो.

"सरा गं, जागा द्या हिला," त्या बाकीच्यांना म्हणतात. "ये, बाई. इथं माझ्याजवळ उभी राहा."

शेजारच्या फोटोतली सरकते. तिच्या पलीकडची सरकते. प्रत्येक फोटोत एका माणसाची जागा रिकामी होते. कुणी रागावलेलं नाही, कुणी टोचून बोलत नाही, सगळ्या माझ्यासाठी मनापासून जागा करताहेत, आणि मला दरदरून घाम फुटतो.

"मला भाऊ आहे!" मी ओरडते. "आत्ता इथं होता! तुम्ही बघितला नाहीत का? काळे हात, चौकड्यांचा शर्ट!"

"असू दे, असू दे," हौसाबाई म्हणतात, लहान पोराला समजवावं तशा. "सुरुवातीला आम्हीपण असंच म्हणायचो."

मी तबक पोटाशी धरून पळते. दालनाचं दार उघडते ते गॅरेजचं शटर निघतं, अर्धं खाली ओढलेलं. वाकून आत जाते. आत दादाचा बल्ब, दादाचा स्टूल, भिंतीवर टायर. पण जमीन आमची नाही. बारीक राखाडी धूळ आहे सगळीकडं, पिठासारखी, आणि पाऊल टाकलं की वर उचलल्यासारखं होतं, माझं वजनच नाही. धुळीत दादाच्या चपलांचे ठसे. त्या ठशांवरून मी जाते. मागं बघितलं तर माझे ठसे उमटलेलेच नाहीत.

तो स्टुलावर बसलाय. पुढ्यात बेअरिंगमधल्या पोलादी छर्र्यांची वाटी, रॉकेलमध्ये धुवायला टाकलेले. हे मात्र अगदी आमचं आहे. वडिलांचं सायकलचं दुकान होतं तेव्हा एका भाऊबीजेला दादाच्या खिशात ओवाळणीला काही नव्हतं, तर त्यानं तबकात छर्रा टाकला होता. "घे, चंद्र आणलाय तुला," म्हणाला होता. मी भोकाड पसरलं होतं. पुढं गॅरेज चाललं, साड्या आल्या, मोबाईल आला, पण दर वर्षी त्यासोबत एक छर्रा असायचाच. ते सगळे मी फिल्मच्या रोलच्या डबीत ठेवलेत. हलवली की खुळखुळते डबी.

"आलीस? किती उशीर," तो म्हणतो. "बघ, बसलोय आता. पाटाचं लचांड नको."

मी कुंकवात बोट बुडवते आणि त्याच्या कपाळाला लावते. कपाळ गार लागतं, रात्रभर बाहेर राहिलेल्या पान्यासारखं. अक्षता लावते. 

"आई काय म्हणते?" तो विचारतो.

मला सांगायचं नव्हतं, पण तोंडातून निघूनच जातं. "तिला वाटतं माझ्या फोटोंमुळं झालं. बोलत नाही, पण वाटतं तिला. मलाही वाटतं, दादा."

 तो खो खो हसायला लागतो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तू फोटो काढलेस म्हणून मी गेलो? मग तुझ्याकडं पासपोर्टला येतात त्यांचं काय होत असंल गं!"

"चेष्टा करू नकोस!"

"मग काय करू? वर्षभर छातीत दुखत होतं, उज्जे. मी कुणाला बोललो नाही. आता त्याला तू काय करणार आणि तो चंद्र तरी काय करणार?"

म्हणालाच तो. "गेलो" असं त्यानंच म्हटलं, मी नाही. आता हा उठून जाणार, मला वाटतं. पण तो उठत नाही.

"पेटव की," तो म्हणतो. "मला निघायचंय."

मी काडी ओढते. पेटत नाही. दुसरी ओढते. काडी घासते, साधी ठिणगीसुद्धा नाही. गुल ओला झालाय का? पेटी पालटून दुसऱ्या बाजूनं ओढते. शटरखालून ती कोर दिसतेय, डोंगराला टेकायला आलीय. "पेट की गं बाई," मी काडीलाच म्हणते. काड्या मोडताहेत, धुळीत पडताहेत, पडतानासुद्धा सावकाश, तरंगत. मला रडू फुटतं.

दादा माझा हात धरतो. "अगं, इथं नाही पेटायची. इथं हवाच नाही."

"म्हणजे?"

"हवा नाही. शाळेत शिकलो की आपण. काडीला हवा लागते."

मी शटरकडं बघते, मग ती कोर बघते, मग पायाखालची धूळ. मला कळतं आम्ही कुठं आहोत. खालचं सगळं लांब आहे, फार लांब, आणि तिकडं कुठंतरी एक गच्ची आहे.

"मग मी ओवाळू कशी?"

"तिकडनं ओवाळ. तिकडं पेटतं." तो वाटीत बोटं घालतो, एक छर्रा उचलतो, सवयीनं शर्टाला पुसतो आणि तबकात टाकतो. टण्णकन आवाज होतो. "मी आधीच घालून ठेवतो. आता ओवाळलं नाहीस तर बघ. फुकट ओवाळणी घेतलीस म्हणून गावभर सांगीन."

"दादा, मला त्या बायकांच्यात नाही जायचं."

तो हसत नाही आता. कपाळावर माझं कुंकू आहे, थोडं नाकावर सांडलंय. "मला ठाऊक आहे," तो म्हणतो. "मलापण नव्हतं यायचं."

दोन, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणतं. एक.

"ताई! अहो उज्ज्वलाताई!" निखिलेश दारात उभा आहे, हातात चहाचा कप, चहावर साय धरलेली. "किती वेळ हाका मारतोय. सगळे गच्चीवर गेलेत. चंद्र दिसतोय, पण डोंगर जवळ आहे, फार वेळ राहणार नाही म्हणतात."

झरोक्यातलं ऊन गेलंय. माझा गाल कॅमेऱ्याच्या बॅगेवर दाबून सुन्न झालाय, आणि ओला आहे. भिंतीवर हौसाबाई पत्र्यावर एकट्या उभ्या आहेत, मान वर करून. कुठं काही सरकलेलं नाही. मी तबकाकडं बघते. रुमाल बाजूला पडलाय.

अक्षतांमध्ये छर्रा आहे.

डबी घरी कपाटात आहे. गॅरेज चैत्रापासून बंद आहे. आईनंच टाकला असेल सकाळी, मी स्वतःला सांगते, दुसरं कोण टाकणार? मी बोट लावते. बोट काळं होतं. ग्रीस ओलं आहे, आजूबाजूचे तांदूळ त्याला चिकटलेत.

"ताई, बरं वाटत नाहीये का?" निखिलेश विचारतो. "नको असेल तर राहू दे. आपण फीत कापू. मी काल पटकन बोलून गेलो, मला नंतर कळलं."

"नाही," मी म्हणते. "ओवाळणी घेऊन बसलेय. आता ओवाळायलाच हवं."

त्याला काही कळत नाही. मी तबक उचलते आणि जिना चढायला लागते. छर्रा तबकाच्या काठानं गरागरा फिरतो, निरांजनाला वळसा घालून पुन्हा काठाला येतो. त्याचा आवाज जिनाभर घुमतो. पाय जड आहेत, गुडघे कुरकुरताहेत, वजन अगदी पुरेपूर आहे माझं.

गच्चीवर बरीच माणसं आहेत. निखिलेशचा मित्र कॅमेरा सरसावून पुढं येतो. "फोटो नको," मी म्हणते. तो बावरून मागं होतो. मग मला पाण्याच्या टाकीपाशी आई दिसते. जिन्यानं आलीय, कठड्याला धरून धापा टाकतेय, डोक्यावरून पदर घेतलाय. ती यवतेश्वराकडं बघतेय. तिथं कोर आहे, डोंगराच्या जेमतेम बोटभर वर.

मी तिच्याजवळ जाते. ती आधी माझ्याकडं बघते, मग तबकात. 

"हा कुणी घातला?" ती विचारते.

म्हणजे तिनं नाही.

"दादानं," मी म्हणते.

 आई बोटानं छर्रा जरा कडेला सारते, वातीपासून दूर, दर वर्षी सारायची तसाच. आपल्या बोटाला लागलेलं ग्रीस बघते. पुसत नाही.

"माझ्यामुळं नाही झालं, आई," मी म्हणते.

"नाही गं बाई," ती म्हणते. "नाही. मी उगाच बोलले होते तेव्हा." आणि मग, घाईनं, नेहमीच्या आवाजात, "लाव लवकर. चालला बघ तो."

मी काडी काढते.  ओढते, आणि ती पहिल्याच झटक्यात पेटते. डोंगरावरून वारा येतोय, ज्योत आडवी होते. आई पटकन पदर धरून आडोसा करते.

"वारं फार आहे गं," ती म्हणते.

"असू दे आई. हवा आहे म्हणून तर पेटलं."

वात पेट धरते. मी तबक दोन्ही हातांनी उचलते, मान वर करते, आणि ओवाळायला लागते.